उडी नऊवारीतली, गुलाल जोतिबाचा : लग्नातल्या धमाल फोटोंविषयी वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापुरातली कार्यालयं भरतात आणि आमच्याकडची पत्रंही. यंदा बहुतेकांचा सूर एकच आहे : स्टेजवर ताटकळत उभं राहून काढलेले फोटो आता नकोत, काहीतरी ‘नाद खुळा’ हवं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : डिसेंबरात माझं लग्न आहे. नऊवारी, साज, नथ असा सगळा थाट करून आम्हा दोघांचा हवेत उडी घेतलेला फोटो काढायचाय. मैत्रिणीच्या लग्नात असे वीसेक फोटो काढले, पण एकात पाय जमिनीवर, दुसऱ्यात तोंड वाकडं. नेमकं चुकतं कुठे?
— नवरी मुलगी, कसबा बावडा

उत्तर : चूक बटण दाबण्याच्या वेळेत आहे. माणूस फूटभर उडाला तर हवेत असतो जेमतेम अर्धा सेकंद. वर जाताना वेग कमी होत जातो, म्हणून त्या अर्ध्या सेकंदातला निम्मा वेळ तो उडीच्या अगदी वरच्या तीन इंचांत असतो. आपल्याला हवा तो हाच पाव सेकंद. ‘उडाले!’ असं दिसल्यावर बोट हलवायलाच जवळपास तेवढा वेळ जातो, आणि मग फोटोत सापडतात ते उतरणारे पाय. म्हणून ‘एक, दोन, तीन’ मोजायचं आणि ‘तीन’ला गुडघे वाकले की लगेच बटण दाबून धरायचं. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा असेल तर एका उडीत पाच फ्रेम मिळतात, त्यातल्या दोन-तीन कामाच्या.

शटर १/१००० ठेवा, म्हणजे ते सेकंदाचा हजारावा भागच उघडं राहतं. १/५०० च्या खाली गेलात की चेहरा ठीक येतो, पण पावलं आणि पदराचं टोक पुसट होतं. संध्याकाळी उजेड उतरला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद) १६०० पर्यंत वाढवायला कचरू नका. थोडा दाणा दिसलेला चालतो, हललेलं पाऊल चालत नाही. साधा फ्लॅश लावून १/१००० वर फोटो काढू गेलात तर अर्धी फ्रेम काळी येईल, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशची जोडी १/२०० किंवा १/२५० पर्यंतच जुळते. त्याच्या पुढे हाय स्पीड सिंकवाला फ्लॅश लागतो.

फोटोग्राफरनं तीन-चार मीटरवर जमिनीलगत बसावं, लेन्स २४ ते ३५ मिलिमीटर. खालून पाहिलं की पाय आणि जमीन यांतली फट दुप्पट वाटते. उडी सरळ वर असेल तर दोघं उभे असतानाच फोकस बांधून ठेवा. धावत येऊन उडी असेल तर मात्र फोकस सतत तुमच्या मागे फिरता हवा.

आता तुमच्या बाजूचं. पाचवारीपेक्षा नऊवारी उडीला केव्हाही बरी, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. पाय ताठ ठेवलेत तर माणूस टांगल्यासारखा दिसतो, म्हणून टाचा मागे घ्या. तोंड वाकडं होतं ते श्वास रोखून जबडा आवळल्यामुळे. उडताना मोठ्यानं काहीतरी ओरडायचं, आणि शेवट ‘आ’कारात हवा. ‘नाद खुळा’ला या बाबतीत तोड नाही. पदराला खांद्यावर आतून दोन पिना. ठुशी गळ्यात राहू द्या, पण साज आणि लांब हार उसळून नाकावर येतात. ते ब्लाउजला आतून टाचा किंवा तेवढ्यापुरते काढून ठेवा. चापाची नथ पडतेच, एक माणूस तेवढ्यासाठी खाली लक्ष ठेवून असू दे. कोल्हापुरी चपला पायात राहत नाहीत, त्यामुळे अनवाणी आणि गवतावर. ओल्या फरशीवर अजिबात नको.

आणि पाच-सहा उड्यांच्या वर जाऊ नका. दम लागला की प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा बुटकी होते आणि कपाळावर घाम चमकायला लागतो. हे सगळं जेवणाआधी. तांबडा-पांढरा ओरपून कुणी फूटभर उडत नाही.

प्रश्न : पन्हाळ्याला प्री-वेडिंग करायचं ठरलंय. कड्याच्या अगदी टोकावर मी उभा, तिचा हात धरलेला, ती दरीकडे झुकलेली, असा फोटो मनात आहे. कुठली जागा योग्य?
— होणारा नवरदेव, इचलकरंजी

उत्तर : कड्याच्या टोकावरची कुठलीच नाही. पावसाळ्यात आणि नंतरही बराच काळ तिथल्या दगडावर शेवाळ असतं, आणि गवतानं कड झाकल्यामुळे जमीन संपते कुठे ते कळत नाही. शिवाय गरजही नाही. असा फोटो खोल दरीमुळे जमत नाही, खाली ठेवलेल्या कॅमेऱ्यामुळे जमतो.

दीड-दोन फूट उंचीचा दगड किंवा बांध शोधा. त्याच्या मागे मोकळी, जराशी उतरती जमीन आणि त्यापलीकडे लांबवर डोंगर किंवा खोरं दिसायला हवं. तुम्ही दोघं दगडावर. कॅमेरा दोन-तीन मीटर अलीकडे, जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर, म्हणजे तुमच्या पावलांच्याही खाली. आता दगडाची वरची कडा मधली सगळी जमीन झाकून टाकते. पायाखाली दगड आणि त्यामागे थेट लांबचा डोंगर, एवढंच दिसतं. फोटो पाहणाऱ्याला मधे दरी आहे असंच वाटतं. चुगली करणाऱ्या गोष्टी दोन : मागच्या जमिनीवरचं एखादं झुडूप किंवा माणूस, आणि दगडापुढे पडलेली तुमची सावली. पहिल्यासाठी कॅमेरा आणखी खाली आणा किंवा बाजूला सरका, दुसरी फ्रेमबाहेर कापा.

झुकण्याची रीत अशी. तुमचा मागचा पाय दगडाच्या खाचेत रुतलेला हवा. बोटांत बोटं घालू नका, घाम आला की ती सुटतात. मनगटाला मनगट धरा. पण तिच्या हातात काचेचा हिरवा चुडा असेल तर तीच पकड घातक : बांगड्या फुटून दोघांचे हात कापतात. म्हणून हा फोटो चुडा भरण्याआधीच्या दिवसांत उरका, किंवा बांगड्यांच्या वर, कोपराजवळ धरा. झुकाव थोडाच पुरे, कॅमेरा आठ-दहा अंश तिरपा केला की तो वाढल्यासारखा दिसतो. मागे क्षितिजाची रेघ असेल तर हा तिरपेपणा उघडा पडतो. धुकं असेल तर रेघच नाहीशी होते. पन्हाळ्याचं धुकं इथे तुमच्या बाजूनं आहे. आदल्या दिवशी घराच्या अंगणात, साध्या कपड्यांत एक तालीम कराच.

परवानगीचंही बघा. पन्हाळा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांतल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. हौशी माणसानं हातात कॅमेरा धरून फोटो काढणं वेगळं. तिपाई, दिव्यांचे स्टँड, व्हिडिओचं चित्रीकरण यांना आधी लेखी परवानगी लागते. तीन दरवाजाच्या कमानीत गाऊनची शेपूट पसरून अर्धा तास वाट अडवणाऱ्यांविषयी आमचं मत छापण्याजोगं नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराचंही तेच : स्मारक संरक्षित, आणि देऊळ पूजेचं. स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून पडणारा उजेड सुंदरच, पण तिथे शांत उभं राहून एक-दोन फोटो घ्यावेत, उड्या नकोत.

पुढे मसाई पठारावर जाणार असाल तर वाऱ्याकडे पाठ करून कधीच उभे राहू नका, केस आणि ओढणी तोंडावर येतात. वारा एका बाजूनं घ्या, ओढणी त्याच्या दिशेला सोडा. पावसाळ्याच्या शेवटी पठार फुलतं, तेव्हा फुलांत लोळण्याचे फोटोही नकोत. पायवाटेवर बसून, फुलं लेन्सच्या अगदी पुढ्यात धुसर ठेवली की तुम्ही फुलांत बसल्यासारखे दिसता आणि एकही रोप तुडवलं जात नाही.

प्रश्न : आमचं कुलदैवत जोतिबा. लग्न लागल्यावर दोघांवर गुलाल उधळून फोटो काढायचाय. शालू, कॅमेरा, डोळे, सगळ्याचीच भीती वाटते.
— नवरीची आई, वडणगे

उत्तर : भीती रास्त आहे. म्हणून पहिला नियम : हा त्या कपड्यांतला शेवटचा फोटो. गुलाल रेशमावर बसला की हातानं चोळायचा नाही आणि पाणी तर लावायचंच नाही, ओला झाला की रंग धाग्यात उतरतो. शालू उलटा धरून झटकायचा, मग धुलाईवाल्याकडे. मनाची तयारी नसेल तर हळदीच्या साडीवरच हा कार्यक्रम करा.

दोन-तीन किलो गुलाल भरपूर होतो. एका वेळी एकेक मूठ. उधळणारे चौघं, दोघं डावीकडे, दोघं उजवीकडे, दोन-अडीच मीटरवर, फ्रेमच्या किंचित बाहेर. नेम चेहऱ्यावर नाही, डोक्याच्या हातभर वर. समोरून फेकलात तर गुलाल नाकातोंडात जातो आणि फोटोत दोन गुलाबी भुतं येतात. वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूच्यांनीच फेकावं. दोघांनी ‘तीन’ला डोळे मिटून हसायचं आणि ढग वर गेला की उघडायचे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा.

गुलालाचा ढग उठून दिसतो तो मागून येणाऱ्या उजेडात. सूर्य खाली उतरलेला, दोघांच्या पाठीमागे, आणि त्याहीमागे गडद काहीतरी : झाडी, दगडी भिंत, उसाचा फड. पांढऱ्या मांडवापुढे अर्धा गुलाल दिसतच नाही. शटर पुन्हा १/१०००. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँडनं बांधलेली. लेन्स त्या आवारात बदलायची नाही. आत गेलेली पूड सेन्सरवर बसते आणि मग पुढच्या प्रत्येक फोटोत डाग. नंतर फुंकर घालू नये, आधी मऊ ब्रशनं झाडावं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पिठासारखी बारीक पूड हवेत पसरलेली असताना ठिणगी मिळाली तर ढग पेटतो. २०१५ मध्ये तैवानमधल्या एका जलउद्यानात रंगांची पूड अशीच पेटली आणि १५ जणांचा जीव गेला. गुलाल उधळताना जवळ अनार, थंड आतषबाजी म्हणून मिळतात ते फवारे, धुराच्या कांड्या, सिगारेट यांतलं काहीही नको. धुराच्या कांड्या उसाच्या फडाजवळ तर अजिबात नकोत, पाचट वाळलेलं असतं.

प्रश्न : वरात बुलेटवरून आणि पुढे बैलगाडीतून, दोन्हींचे पळतानाचे फोटो हवेत. आमच्या भावानं काढले तर बुलेट उभीच वाटते.
— कागल

उत्तर : भावानं शटर फार वेगात ठेवलं असणार. १/१००० वर चाकाच्या ताराही मोजता येतात, मग गाडी उभीच वाटणार. इथे उलट करायचं : शटर १/४० ते १/६०, बुलेट ताशी पंधरा-वीस किलोमीटर, फोटोग्राफर रस्त्याच्या कडेपासून पाच-सहा मीटरवर. पाय रोवून फक्त कंबर वळवत कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, गाडी समोर येण्याआधीपासून ती पुढे जाईपर्यंत. मधेच हात थांबला की चेहरे पुसले जातात. वीस फेऱ्यांत तीन-चार फोटो धड आले तर हात चांगला बसला म्हणायचं. मागे ऊस किंवा रंगवलेली भिंत हवी. नुसत्या आभाळावर वेगाच्या रेघा उठत नाहीत.

उभ्या बुलेटवर पंख्यानं पदर उडवून फसवू नका, चाकाच्या तारा खरं सांगतात. पदर कमरेला खोचलेला, साडीगार्ड लावलेला, आणि जागा शेतातली खाजगी वाट किंवा गुऱ्हाळाचं आवार. रस्त्यावर दोघांनाही हेल्मेट लागतं आणि फेट्यावर ते बसत नाही, हे आधीच लक्षात घ्या. महामार्गावर उघड्या डिकीत बसून पुढच्या गाडीतून फोटो काढणं तर नकोच.

बैलगाडीत दोघंही मागच्या टोकाला उभे राहिलात की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैल बुजतात. दोघांनी चाकाच्या कण्यावर किंवा थोडं पुढे उभं राहावं. कासरा गाडीवानाच्याच हातात. नवरदेवानं नुसता धरल्यासारखा दाखवावा. बैलांच्या तोंडावर फ्लॅश नको, शेजारी हलगी नको, डोक्यावर ड्रोन तर मुळीच नको.

प्रश्न : ड्रोनवाला म्हणतो, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. खरं का?
— राजारामपुरी

उत्तर : तुमचं कार्यालय कुठे आहे त्यावर ठरतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मोकळ्या, म्हणजे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवताच येत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला इतका लागून आहे की कोल्हापूरचा बराच भाग या वर्तुळांत सापडतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात कार्यालयाची जागा पाहा, दोन मिनिटांचं काम. ड्रोनची नोंदणी हवी. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल आणि उडवणारा पैसे घेऊन काम करत असेल, तर त्याच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही हवं. ते बघायला मागा.

बाकी, ड्रोन थेट डोक्यावर नको. खालच्या वाऱ्यानं पदर, फेट्याचा तुरा, अक्षता सगळं उडतं. पाच-सहा मीटर बाजूला आणि तिरपा ठेवला तर चेहरेही दिसतात; सरळ वरून नुसते फेटे दिसतात.

प्रश्न : मुहूर्त गोरज, आणि फोटोग्राफर नवरा-नवरीला घेऊन दीड तास रंकाळ्यावर! पाहुणे ताटकळत. हे टाळायचं कसं?
— मुलीचे वडील, गडहिंग्लज

उत्तर : काका, चूक फोटोग्राफरची असली तरी उपाय तुमच्या हातात आहे. कोल्हापुरात सूर्य डिसेंबरच्या शेवटी साधारण सहा वाजून पाच मिनिटांनी मावळतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहानंतर, मेच्या मध्याला सातच्या सुमाराला. त्याआधीचा पाऊण तास फोटोग्राफरला सोन्यासारखा, आणि गोरजही त्याच वेळेला. दोन्ही एका दिवशी बसत नाहीत. रंकाळ्याचा मावळतीचा फोटो हळदीच्या आदल्या दिवशी घ्या, किंवा मावळतीचा हट्ट सोडून लग्नादिवशी सकाळी साडेसात ते साडेआठ. पाऊण तासात सहा फोटो होतात, यादी त्याहून लांब नको. घड्याळ एका मामाच्या हातात द्या, नवरदेवाच्या मित्राच्या हातात नको.

प्रश्न : नवरा तालमीत वाढलेला. लाल मातीत नवरीला उचललेला फोटो काढावा म्हणतो.
— गंगावेश

उत्तर : वस्तादांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका. हौदाची, म्हणजे लाल मातीच्या आखाड्याची, पूजा होते, आणि जुन्या तालमींतून बाईमाणसानं हौदात उतरण्याची रीत नाही. ‘नाही’ म्हणाले तर वाद घालू नये. तालमीच्या अंगणात दोघांनी समोरासमोर शड्डू ठोकण्याचा फोटो उचलण्यापेक्षा जास्त मजेदार होतो, नऊवारीत तर खासच. नवऱ्यानं जोर मारायचे आणि नवरीनं पाठीवर बसायचं, हेही चालतं. पण वजन खांद्याच्या फऱ्यांवर पडू दे, कमरेवर नाही. मातीत तेल, हळद, ताक मुरवलेलं असतं, तो डाग शालूवरून जात नाही. तिच्यासाठी साधी सुती नऊवारी आणा.

प्रश्न : मी शिकाऊ फोटोग्राफर. कार्यालयात हार घालताना मित्र नवरदेवाला उचलतात, तो क्षण टिपतो तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडला का?
— जयसिंगपूर

उत्तर : कॅमेरा ठीक आहे, दिवे लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० वर पट्टे जातात. कॅमेऱ्यात ॲन्टी-फ्लिकर असेल तर ते चालू करा. पण १/१०० वर उचललेला नवरदेव हलणार. म्हणून फ्लॅश. सभागृहाचा उजेड दोन स्टॉप (म्हणजे चौथ्या हिश्शावर) कमी धरा आणि फ्लॅश छताकडे मारा, म्हणजे हालचाल त्याच्या लखलखाटानंच गोठते. छत पांढरं आहे ना, ते आधी पाहा. गुलाबी झालरीवर मारलेला फ्लॅश चेहरेही गुलाबी करतो. तसं असेल तर मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा.

अक्षतांसाठी आयती तालीम मिळते. मंगलाष्टकाच्या पहिल्या कडव्याला लोक अक्षता टाकतात तेव्हा एक फोटो घेऊन उजेड तपासा, शेवटच्या ‘सावधान’पर्यंत सगळं नीट बसवून ठेवा. फ्लॅश एका बाजूनं आणि मागे गडद पडदा असेल तरच तांदळाचा दाणा दाणा दिसतो. आणि उचलणाऱ्या मित्रांना आधीच सांगा : कमरेला नाही, मांड्यांना धरून उचला, आणि उचलण्याआधी वर पंखा कुठे आहे ते बघा.